शुक्रवारचं मौन

शुक्रवारी भिवंडीतले कारखाने बंद. बाकीचे दिवस मागच्या शेडमधल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड भिंतीतून, पाट्यावरवंट्यातून, अगदी देवाजवळच्या समईच्या ज्योतीतूनही जाणवायची. शुक्रवारी ती थांबली की शेजारपाजारचे म्हणायचे, चला, आज कानाला आराम. सरलाताईंच्या जिवाला मात्र नेमका त्याच दिवशी घोर लागायचा.

कारण त्यांचे यजमान प्रभाकरराव कानांनी चालत होते. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांतला उजेड हळूहळू पिऊन टाकला होता. आता उजव्या डोळ्याच्या कडेला धुरकट पांढरेपणा उरला होता, तेवढाच. पण लूमचा आवाज पाठीशी ठेवला की समोर गॅलरी, डाव्या कानाशी घेतला की देवघर आणि तोंडासमोर धरला की मोरी. रस्त्यातही तसंच. कुठल्या गल्लीत कुणाचा कारखाना, कुणाचे लूम जुने आणि कुणाचे नवे, हे त्यांच्या कानांना पाठ होतं. वाचनालयापर्यंत एकटे जायचे, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि एकटे घरी यायचे. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, वाटेत भेटणाऱ्याला आवाजावरून ओळखून नावाने हाक मारायचा. शंका घ्यायची कुणी आणि कशी?

"मुलांना कळलं ना, की मग मला कुणी काही विचारणार नाही," गेल्या श्रावणाच्या आधी ते म्हणाले होते. "मला नुसतं ठेवतील. कपाटावर फुलदाणी ठेवतात तसं. तू शब्द दे, सरला."

सरलाताईंनी देवासमोर शब्द दिला होता. दिलेला शब्द आणि धरलेलं व्रत यांत त्यांनी कधी फरक केला नव्हता.

तेव्हापासून त्यांनी मुलांना शुक्रवारी घरी येऊ दिलं नव्हतं. श्रावणात जिवतीच्या शुक्रवारी आई मुलांना ओवाळते, आणि मुलं लांब असली तर चारी दिशांना अक्षता टाकते. गेल्या वर्षी त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "कशाला धावपळ करता? मी इथून अक्षता टाकते. देवीला सगळे पत्ते ठाऊक असतात." मुलं हसली होती आणि आली नव्हती.

यंदा मात्र गंधारने ऐकलं नाही. इमारत धोकादायक ठरली होती. खाली जिन्याजवळ लोखंडी टेकू लागले होते, दिवाळीच्या आत घरं रिकामी करायची होती. परवाच माणसं येऊन गॅलरीचा कुजलेला लाकडी कठडा उतरवून गेली, आणि त्या जागी एक सुंभाची दोरी बांधली होती.

"शुक्रवारी सगळ्यांना जमतं, आई. तुझी पूजाही होईल आणि कुठे राहायचं तेही ठरेल," गंधार म्हणाला. मग फोन ठेवण्याआधी जरा थांबून म्हणाला, "यंदा अक्षता टाकून सुटका नाही."

म्हणून आज पहाटेपासून सरलाताई एकीकडे पुरण घाटत होत्या आणि दुसरीकडे मनातल्या मनात घर तपासत होत्या. टेबल मधोमध, नेहमीच्या जागी. त्याच्या कोपऱ्याला हात लागला की उजवीकडे वळायचं, मग सरळ मोरी. चपला दाराआड. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला. जिवतीच्या कागदाला त्यांनी आघाडा-दुर्वांची माळ घातली. "आई," त्या पुटपुटल्या, "आजचा दिवस निभावून ने."

त्यांच्या मनात आणखीही एक गोष्ट होती, जी त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. गंधारने अकलोलीला एक जागा पाहून ठेवली होती. तळमजला, मागे झाडं, आणि वज्रेश्वरीचं देऊळ जवळ. रोज पहाटे कुंडावर स्नान, मग देवीचं दर्शन. माहेरी असताना त्या एकदा आईचं बोट धरून तिथे गेल्या होत्या. तेव्हापासून देवीशी बोलणं लावून ठेवलं होतं, की म्हातारपणी तुझ्या पायाशी बोलाव. मी त्यांचा हात धरीन, सगळं होईल, असं त्या स्वतःला समजावत. तिथल्या शांततेत हात सोडल्यावर काय, हा विचार आला की त्या जपाची माळ हातात घेत.

मंडळी अकराच्या सुमारास आली. ठाण्याहून गंधार आणि त्याची बायको अदिती. वडप्याहून मुलगी नीरजा आणि तिचे सासरे केसरीनाथभाऊ. जावई दीपेश गोडाऊनला ड्युटीवर होता, नीरजेची छोटी रीमा दुसऱ्या आजीपाशी, जानकीबाईंकडे, राहिली होती.

"मास्तर, हाय का ठीक?" केसरीनाथ दारातूनच गरजले. जमिनी हायवेच्या गोडाऊनांना देऊन बसलेला आगरी माणूस, पण आवाज अजून शेताच्या बांधावरचाच.

"या केसरीनाथ. आज पांढरा शर्ट दिसतोय," प्रभाकरराव म्हणाले.

सरलाताईंनी घाईने शर्टाकडे पाहिलं. होता पांढराच; केसरीनाथ नेहमी तोच रंग घालत. ते खूश होऊन खुर्चीत बसले. नवरा असा धीट खेळ खेळायला लागला की सरलाताईंना भीती वाटायची.

पूजा झाली. त्यांनी गंधारला आणि नीरजेला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं. चाळिशी उलटलेला मुलगा डोळे मिटून बसला, तेव्हा क्षणभर त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंडात शब्द आलाही. मग देवाकडे नजर गेली आणि त्यांनी तो गिळला.

ओवाळून ताम्हण ठेवायला त्या आत गेल्या, तेवढ्यात बाहेर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

अदितीने टेबल भिंतीला लावलं होतं.

"पंगतीला जागा नको का, आई? आणि आज तुम्हीसुद्धा पहिल्या पंगतीला बसायचंय. मी वाढते. दरवेळी आम्ही जेवतो आणि तुम्ही ओट्याशी उभ्या."

"अगं नको. मला सवय आहे."

"सवय मोडायची आज." अदितीने त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं. सून मनापासून करत होती. तिला काय म्हणणार? टेबल का हलवू नये, तेही सांगता येत नव्हतं. सरलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते ऐकत होते, मान किंचित तिरकी करून. आज ऐकायला काही नव्हतं.

आणि चातुर्मासात सरलाताईंचं मौनभोजन असायचं. पहिला घास घेतला की हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघाला, तर पान सोडून उठायचं, आणि त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. लग्न होऊन आल्यापासून हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

पानं वाढली गेली. सरलाताईंनी नवऱ्याच्या पानाकडे पाहिलं आणि त्यांचा दुसरा घास हातातच राहिला. आपल्याकडे पानात सगळ्याची जागा ठरलेली. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. म्हणून तर वर्षभर प्रभाकरराव लग्नाच्या पंगतीतसुद्धा बिनचूक जेवत होते. अदितीने कटाची वाटी डावीकडे ठेवली होती आणि कोशिंबीर उजवीकडे. तिच्या आग्रहाने पहिला घास घेऊन झाला होता, म्हणून सरलाताईंना आता बोलताही येत नव्हतं.

"तर विषय काढतो," गंधार म्हणाला. "अकलोलीची जागा मी धरून ठेवलीय. आईबाबा, शांत आहे हो एकदम. पाखरांशिवाय आवाज नाही."

"शांत आहे, पण रात्री काही झालं तर दादा, तू ठाण्याहून येणार?" नीरजा म्हणाली. "माझ्या खालचा ब्लॉक रिकामा आहे. आईबाबांनी हाक मारली की मी खाली."

"वडप्याला? नीरू, तिथे दिवसरात्र ट्रेलर चालतात. गेल्या वेळी मला तुझ्याकडे स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं."

"म्हणून तू फार बोलला नाहीस. आम्हाला बरं वाटलं."

केसरीनाथ हसले. "आता खरं सांगू का? वडप्यात आमालाच झोप न्हाय येत. माझा ऐका, दिघाशीला आजोलचं घर मोकलं हाय. अंगन हाय, विहीर हाय, चिंच हाय. मास्तरांनी खाट टाकून बसायचं."

"अंगण कोण झाडणार?" अदिती वाढता वाढता म्हणाली. "आईंचे गुडघे बघा. अकलोलीला गरम पाण्याचं कुंड आहे, मी तर म्हणते तेच."

"तुम्ही तेच म्हणणार, वहिनी. लांब आहे ना."

"नीरजा." गंधारचा आवाज चढला. "अदितीने काय वाईट सांगितलं?"

"वाईट नाही. सोयीचं सांगितलं."

सरलाताई घास चावत होत्या आणि चव लागत नव्हती. भावंडं लहानपणी अशीच शेवटच्या पुरणपोळीवरून भांडायची. आज पोळ्यांचा ढीग होता आणि भांडण आईबापावरून होतं. त्यात कुठेतरी अकलोलीचं पारडं जड होताना दिसलं, तेव्हा त्यांच्या मनात एक लहानसा आनंद उमटला आणि त्याच क्षणी त्यांची त्यांना लाज वाटली.

प्रभाकररावांचा हात उजवीकडे गेला. बोटांना कोशिंबीर लागली. ते थबकले. मग पोळीचा तुकडा त्यांनी कोशिंबिरीत बुडवला आणि कट असल्यासारखा भुरका मारला.

"बाबा, हे काय नवीन?" नीरजा हसली. "दह्याशी पुरणपोळी?"

"बघ खाऊन. थंड पडतं पोटात," ते म्हणाले.

सगळे हसले. केसरीनाथ हसले नाहीत. ते मास्तरांच्या बोटांकडे पाहत राहिले, मग त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. सरलाताईंनी नजर पानात घातली.

"बाबा, तुम्ही सांगा ना," गंधार म्हणाला. "तुमचं काय म्हणणं?"

हाच तो प्रश्न. वर्षभर ज्याच्यासाठी दोघांनी एवढा आटापिटा केला तो. प्रभाकररावांचा चेहरा उजळला.

"सांगतो. आधी हात धुऊन येतो. बसा, कुणी उठू नका."

ते उठले. हाताने टेबल शोधलं. मधोमध ते नव्हतं. दोन पावलं बाजूला गेल्यावर टेबलाचा कोपरा लागला, भिंतीजवळचा. ते नेहमीसारखे त्याला धरून वळले. कान उचलून एकदा ऐकलं. मागच्या शेडमधून काहीच आलं नाही. मग ते ताठ मानेने, वर्गातून बाहेर पडावं तसे, मोरीकडे म्हणून गॅलरीच्या उघड्या दाराकडे चालू लागले.

सरलाताईंनी पाण्याचं भांडं पाटावर आपटलं. कुणाचं लक्ष गेलं नाही. गंधार नीरजेला काही सांगत होता. त्यांनी सुनेचा पदर ओढला. "वाढू का, आई?" तिने वाकून विचारलं. प्रभाकरराव उंबऱ्यापाशी पोचले होते. पुढे ती दोरी, आणि दोरीपलीकडे काही नाही.

"अहो, थांबा," सरलाताई म्हणाल्या. "तिकडे गॅलरी आहे. मागे व्हा."

आवाज मोठा नव्हता. त्यांना मोठ्याने बोलता येतच नसे. पण त्या घरात जेवताना त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, म्हणून सगळे एकदम गप्प झाले. प्रभाकररावांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. केसरीनाथ खरकट्या हातानेच उठले आणि त्यांनी मास्तरांचा दंड धरला.

"आई, तुझं मौन," नीरजा म्हणाली.

"बाबांना दिसतंय की गॅलरी," गंधार म्हणाला. म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. तो बापाकडे बघत राहिला. प्रभाकरराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचे डोळे मुलाच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे लागले होते.

सरलाताई पान सोडून उठल्या.

मग जे झालं ते त्यांनी वर्षभर मनात कितीदा पाहिलं होतं, तरी प्रत्यक्षात ते जास्त कठीण होतं. कधीपासून, कुठल्या डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशन का नाही केलं. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नीरजा तोंडाला पदर लावून रडू लागली. गंधारचा चेहरा लाल झाला.

"तू आम्हाला सांगितलं नाहीस, आई. आम्ही कोण आहोत मग?"

"मी शब्द दिला होता."

"शब्द. आणि ते खाली पडले असते तर शब्द काय कामाचा?"

तो बोलत होता ते सरलाताईंना कळत होतं. खरंच होतं ते.

"आता प्रश्नच मिटला," गंधार म्हणाला. "दोघं ठाण्याला आमच्याकडे. हॉलमध्ये एक पार्टिशन घालू."

अदितीने हातातली वाटी खाली ठेवली. "पार्टिशन घालू, पण दिवसभर दोघंही ऑफिसला असतो, गंधार. बाबांकडे बघणार कोण? आईच ना?"

"मग अकलोलीला बाई ठेवू चोवीस तास."

"दिघाशीला मानूस मिलंल," केसरीनाथ चाचरत म्हणाले.

"माझ्याकडे..." नीरजा म्हणाली आणि मध्येच थांबली. मघापासून ती ज्या ब्लॉकचं नाव घेत होती, त्याचा जिना, लहानगी रीमा, स्वतःची शिफ्ट, सगळं तिच्या डोळ्यांत येऊन गेलेलं आईला दिसलं. "माझ्याकडे पण बघता येईल," ती म्हणाली. आवाज मघाचा नव्हता.

प्रभाकरराव कधीच पाटावर येऊन बसले होते. पुरणाने माखलेला हात त्यांनी गुडघ्यावर उताणा ठेवला होता. तो वाळत चालला होता. त्यांच्या डोक्यावरून बाई, पार्टिशन, औषधं, जिना असं सगळं इकडून तिकडे जात होतं. कुणी त्यांच्याकडे पाहून बोलत नव्हतं. फुलदाणी, सरलाताईंच्या मनात आलं. एवढ्या लवकर.

त्यांनी तांब्या आणला. नवऱ्याशेजारी बसून त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि पानातच पाणी घालून बोटन्‌बोट धुतलं. पदराने पुसलं.

"मौन मोडलंय," त्या म्हणाल्या. "शब्दही मोडलाय. आता माझ्याजवळ मोडायला काही नाही, म्हणून बोलते. गंधार, तू यांना काहीतरी विचारलं होतंस. ते हात धुवायला म्हणून उठले होते. आता हात धुतलाय."

मग केसरीनाथांनीच मांडी सावरली. "बोला मास्तर. कुठं राहनार?"

प्रभाकरराव घसा साफ करून म्हणाले, "वडप्याला."

"बाबा, त्या गोंगाटात?" गंधार म्हणाला.

"रीमाच्या बारशाला गेलो होतो मी. तेव्हाच बरंचसं गेलं होतं. सगळे आत जेवत होते, मी गॅलरीत उभा होतो. समोर हायवे, इकडून तिकडे एका रेघेत धावणारा. मागे काहीच आवाज नाही. मला कळत होतं मी कुठे तोंड करून उभा आहे." ते किंचित हसले. "दिघाशीच्या अंगणात मी खाटेला बांधलेला राहीन. अकलोलीला पाखरं आहेत म्हणता, पण पाखरू एका जागी बसतं का? इथे सहा दिवस माणूस असतो मी, आणि शुक्रवारी आंधळा. हायवेला शुक्रवार नसतो."

नीरजा उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. रडत होती, पण आता तिने त्यांचा हात धरला होता.

"लेकीच्या घरी राहणार?" गंधारने विचारलं. त्याच्या आवाजात राग होता की सुटका, त्याचं त्यालाच कळलं नसावं.

"बारसा होईपर्यंत आमच्या घरचा पानी पन न्हवता घेतलात, मास्तर," केसरीनाथ म्हणाले. "तांब्या दिला का म्हनायचे, तहान न्हाय. भर मे महिन्यात."

"तेव्हा दिसत होतं," प्रभाकरराव म्हणाले. "दिसणाऱ्याला ताठा परवडतो. भाडं मात्र देईन."

"भाडं? मी काय तुमाला गोडाऊन देतोय?"

हसण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे हसले, आणि हसता हसता अदितीने डोळे पुसले. "आई, टेबल मी सरकवलं," ती सरलाताईंच्या कानाशी म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असेल, बाळ? लपवलं आम्ही." त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. "चल, जागेवर ठेवूया."

चहा घेऊन मंडळी गेली. जाताना गंधारने वाकून नमस्कार केला, बापाला आधी, मग आईला. उद्या तो बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जाणार होता, आणि त्याला कुणी नको म्हणालं नव्हतं.

उन्हं उतरली. सरलाताईंनी आपलं सोडलेलं पान उचललं, पोळी गाईसाठी काढून ठेवली.

"जेवली नाहीस," प्रभाकरराव खुर्चीतून म्हणाले.

"आज नाही आता."

"मग बोल तरी. मौन नाही, जेवण नाही, निदान बोलणं तरी मिळू दे." ते थांबले. "सगळ्यांनी मला विचारलं. तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तुला कुठे राहायचं होतं, सरला?"

सरलाताईंनी देवघराकडे पाहिलं. जिवतीच्या कागदाखाली सकाळच्या अक्षता उरल्या होत्या. यंदा मुलं समोर बसली होती, म्हणून दिशांना टाकाव्या लागल्या नव्हत्या. त्यांनी चिमूट उचलली. गॅलरीचं दार उघडून, दोरीपासून जपून दोन पावलं आत उभं राहून, त्यांनी ती वज्रेश्वरीच्या दिशेला टाकली.

"कुठे गेलीस?" आतून आवाज आला. बिनलूमच्या घरात तो घाबरा होता.

"इथेच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना दिशा कळावी म्हणून बोलत बोलतच आत आल्या. "केसरीनाथभाऊंना विचारायचं राहिलं बघा. वडप्याच्या नाक्यावरून वज्रेश्वरीला सकाळची एसटी मिळते का ते."

प्रभाकररावांनी मान तिरकी केली.

"मिळेल," मग ते म्हणाले. "शुक्रवारी दोघं जाऊ. तू हात धर."